दहा हजार काचांचं चर्च, एक बाप, एक मुलगा आणि न सुटलेला प्रश्न : पुढचा पास्टर कोण?

१९५५ साल. कॅलिफोर्नियातल्या ऑरेंज शहरात एक ड्राइव्ह-इन थिएटर होतं. लोक गाडी घेऊन यायचे, खिडकीला स्पीकर अडकवायचे, गाडीतच बसून पिक्चर बघायचे आणि घरी जायचे. रविवारी सकाळी मात्र ते मैदान रिकामं असायचं.

मूळच्या आयोवाच्या एका २८ वर्षांच्या पास्टरने ते भाड्याने घेतलं. खिशात ५०० डॉलर, सोबत बायको आर्वेला. ती ऑर्गन वाजवायची आणि हा गडी थिएटरच्या स्नॅक बारच्या छतावर चढून समोर उभ्या असलेल्या गाड्यांना उपदेश करायचा. लोक गाडीतून न उतरता प्रार्थना करून जायचे. आमेन म्हणायचं तर हॉर्न.

या पास्टरचं नाव रॉबर्ट एच. शुलर.

१९७० मध्ये त्यांनी 'अवर ऑफ पॉवर' नावाचा टीव्ही कार्यक्रम सुरू केला आणि अमेरिकेतल्या घराघरांत पोहोचले. १९८० मध्ये शेजारच्या गार्डन ग्रोव्ह शहरात त्यांचं नवं चर्च उभं राहिलं, क्रिस्टल कॅथेड्रल. आर्किटेक्ट होते फिलिप जॉन्सन, म्हणजे त्या काळातलं अमेरिकेतलं सगळ्यात मोठं नाव. दहा हजारांहून जास्त काचा. या काचा नटबोल्टने घट्ट आवळलेल्या नव्हत्या, सिलिकॉनने चिकटवलेल्या होत्या. कारण कॅलिफोर्नियात भूकंप होतात, आणि इमारत हलली तरी काच फुटू नये. आत सोळा हजारांहून जास्त पाइप असलेला ऑर्गन. जगातल्या सगळ्यात मोठ्या ऑर्गनपैकी एक.

भूकंपाची तयारी केलेलं हे चर्च ऑक्टोबर २०१० मध्ये दिवाळखोरीच्या अर्जासह कोर्टात गेलं. डोक्यावर ४ कोटी डॉलरहून जास्त कर्ज होतं. पुढच्याच वर्षी ते विकलं गेलं.

मंदी होती, हे खरं. इमारतींवर खर्च झाला होता, हेही खरं. पण या सगळ्याच्या दोन वर्षं आधी तिथे एक गोष्ट घडली होती, आणि ती फक्त शुलर यांच्या घरातली गोष्ट नव्हती. जगभरातल्या चर्चसमोर हा प्रश्न उभा राहतो. ज्याने चर्च उभं केलं, तो थकल्यावर त्याच्या जागी कोण?

आधी हे समजून घ्या, सगळी चर्च सारखी नसतात

चर्च म्हटलं की आपल्याकडे वसईतलं किंवा वांद्र्याचं चर्च डोळ्यासमोर येतं. पांढरा झगा घातलेले फादर, मोठी घंटा, नाताळचा गोठा. ही कॅथलिक चर्च. इथे कोणता फादर कुठल्या चर्चमध्ये जाणार हे बिशप ठरवतात. काही वर्षं झाली की बदली. तहसीलदाराची होते तशीच. गावाला फादर कितीही आवडत असले तरी एक दिवस त्यांची बॅग भरली जाते, निरोप समारंभ होतो, लोक रडतात आणि पुढच्या रविवारी नवे फादर मिस्सा करतात.

महाराष्ट्रातली बरीचशी जुनी प्रोटेस्टंट चर्च 'चर्च ऑफ नॉर्थ इंडिया' अर्थात सीएनआयमध्ये येतात. वेगवेगळ्या मिशनांची चर्च एकत्र येऊन २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपुरात ही संस्था स्थापन झाली. तिथेही पास्टर धर्मप्रांताच्या व्यवस्थेतून येतात, बदलून जातात. मेथॉडिस्ट चर्चमध्ये तर वार्षिक परिषदेत बिशप नेमणुकांची यादीच जाहीर करतात.

म्हणजे या व्यवस्थेत 'पुढचा कोण' हा प्रश्न मंडळीसमोर येतच नाही. ('मंडळी' हा मराठी ख्रिस्ती लोकांचा नेहमीचा शब्द आहे, चर्चच्या सभासदांसाठी. आणि पास्टरला ते 'पाळक' म्हणतात.) वरून उत्तर येतं, मंडळीला ते पटो अथवा न पटो. मंडळीला कुणी विचारत नाही, ही या पद्धतीची किंमत आहे आणि ती लहान नाही.

दुसऱ्या बाजूला स्वतंत्र चर्च असतात. एखादा माणूस दहा जणांना घेऊन घराच्या हॉलमध्ये प्रार्थना सुरू करतो. दहाचे पन्नास होतात, पन्नासचे पाचशे. मग भाड्याचा हॉल, मग स्वतःची जागा, मग कर्ज. वर बिशप नाही, बदली नाही, निवृत्तीचं वय नाही. शुलर यांचं चर्च नावाला 'रिफॉर्म्ड चर्च इन अमेरिका' या संप्रदायाशी जोडलेलं होतं, पण रोजचा कारभार, पैसा आणि पास्टर कोण हा निर्णय स्थानिक चर्चच्याच हातात होता.

अशा चर्चमध्ये लोक येतात ते बहुतेक वेळा एका माणसाचा आवाज ऐकायला. देणगीही त्याच आवाजामागे येते. टीव्हीवर कार्यक्रम असेल तर हे आणखी वाढतं, कारण पैसे पाठवणाऱ्याने ते चर्च कधी पाहिलेलंच नसतं. त्याने फक्त तो चेहरा पाहिलेला असतो. चेहरा बदलला की पैसे पाठवणारा हात थांबतो. कर्जाचा हप्ता मात्र थांबत नाही. सगळी गोम इथेच आहे.

आता बाप-लेकाची गोष्ट

जानेवारी २००६. शुलर ७९ वर्षांचे झाले होते. त्यांनी चर्चची सूत्रं एकुलत्या एक मुलाकडे सोपवली. मुलाचं नावही रॉबर्टच, रॉबर्ट ए. शुलर. वय ५१. तो काही थेट बापाच्या खुर्चीत येऊन बसलेला नव्हता. सॅन हुआन कॅपिस्ट्रानोमध्ये त्याने वर्षानुवर्षं स्वतःचं चर्च चालवलं होतं, पुस्तकं लिहिली होती, टीव्हीवर बापासोबत लोकांनी त्याला पाहिलं होतं. वारसदार तयार करायचा तो कसा, याचं हे पाठ्यपुस्तकातलं उदाहरण वाटावं.

पण खुर्ची दिली म्हणजे सत्ता दिली असं होत नाही. वडील चर्चमध्येच होते. चार बहिणी होत्या. मुली आणि जावई चर्चच्या आणि टीव्ही कार्यक्रमाच्या कामात वरच्या जागांवर होते. म्हणजे नव्या पास्टरच्या हाताखाली जे लोक काम करत होते, त्यातले बरेच जण त्याच्याच घरचे आणि त्याच्या आधीपासून तिथे बसलेले. अशा ठिकाणी साधा ऑफिसचा निर्णयसुद्धा कौटुंबिक भांडण होऊ शकतो. आपल्याकडे ज्यांनी भावंडांचं एकत्र दुकान पाहिलंय, त्यांना हे सांगायची गरज नाही.

ऑक्टोबर २००८ मध्ये वडिलांनी मुलाला 'अवर ऑफ पॉवर'वरून काढलं. कारण दिलं, दोघांच्या दृष्टिकोनात फरक आहे. कार्यक्रमात आता एकाऐवजी वेगवेगळे वक्ते येतील असंही ठरलं. महिनाभराने, नोव्हेंबरच्या अखेरीस, मुलाने चर्चचं पदही सोडलं.

तीन वर्षंसुद्धा पूर्ण झाली नव्हती.

आता टीव्हीसमोर बसलेल्या माणसाच्या जागी स्वतःला ठेवून बघा. पस्तीसेक वर्षं एक चेहरा. मग सांगितलं, हा आमचा मुलगा, आता याला साथ द्या. लोकांनी त्याला स्वीकारायला सुरुवात केली, तोवर तोही गायब. मग दर आठवड्याला नवा पाहुणा. देणग्या आटल्या. त्याच सुमारास अमेरिकेत मंदी आली आणि उरलेलं काम तिने केलं.

२००९ मध्ये मोठी मुलगी शीला शुलर कोलमन यांच्याकडे नेतृत्व आलं. चर्चची शाळा चालवण्याचा त्यांना अनुभव होता. त्यांनी संगीत बदललं. मोठा कॉयर आणि ऑर्गन मागे पडले, बँडवरची आधुनिक गाणी पुढे आली. नव्या पिढीला आणायचं तर बदल हवाच, असा हिशोब असावा. पण जुने लोक त्या ऑर्गनसाठीच येत होते. ते उठून गेले आणि नवे त्या वेगाने आले नाहीत. दर नाताळला इथे येशूजन्माचा भव्य प्रयोग व्हायचा. खरे उंट, खरे घोडे, वरून उडत येणारे देवदूत. दिवाळखोरी जाहीर झाली तेव्हा ज्यांची बिलं थकली होती, त्यात या प्रयोगांना सामान पुरवणारे छोटे व्यावसायिकही होते.

लेनदारांच्या रांगेत पुढे एक नाव आलं ते स्वतः संस्थापकाचं. शुलर यांनीच आपल्याच चर्चवर पैशांसाठी दावा लावला. कोर्टाने त्यातला बराचसा फेटाळला.

नोव्हेंबर २०११ मध्ये कोर्टाने विक्रीला मंजुरी दिली. चॅपमन युनिव्हर्सिटी शर्यतीत होती, पण इमारत गेली ऑरेंजच्या कॅथलिक धर्मप्रांताकडे. ५ कोटी ७५ लाख डॉलरला. ज्या व्यवस्थेत फादरची बदली होते, त्या व्यवस्थेने ही इमारत विकत घेतली, हा योगायोग गंमतीशीर आहे. मार्च २०१२ मध्ये शुलर पती-पत्नी बोर्डावरून पायउतार झाले. शीलाही चर्च सोडून गेल्या.

मुलालाच का?

बॉलिवूडमुळे 'नेपोटिझम' हा शब्द आता गल्लीतल्या पोरालाही माहीत आहे. पण हा शब्द मुळात चर्चमधूनच आला. इटालियनमध्ये भाच्या-पुतण्याला 'निपोते' म्हणतात. जुन्या काळी पोप आपल्या भाच्या-पुतण्यांना कार्डिनल करून टाकायचे. शेवटी १६९२ मध्ये पोप बारावे इनोसंट यांनी आदेश काढून हा प्रकार बंद केला. थोडक्यात, घराणेशाहीचा रोग चर्चला नवा नाही.

पण सगळीच प्रकरणं लोभाची असतात असंही नाही. पास्टरच्या मुलाने लहानपणापासून हेच पाहिलेलं असतं. मंडळीही त्याला ओळखते. आणि संस्थापकाला वाटतं, परका माणूस आला तर माझ्या कामाची वाट लावेल. निदान मुलगा तरी नाव राखेल. ही भीती माणसाची आहे. अडचण अशी की ती दूर करायला मंडळीचा पैसा आणि मंडळीची जागा वापरली जाते.

दक्षिण कोरियात हा वाद एवढा पेटला की त्यासाठी लोक 'सेसुप' हा वारसाहक्काचा शब्द सर्रास वापरतात. सोलमधलं म्योंगसोंग चर्च हे जगातल्या सगळ्यात मोठ्या प्रेस्बिटेरियन चर्चपैकी एक. १९८० मध्ये किम सॅम-ह्वान यांनी ते सुरू केलं. २०१३ मध्ये त्यांच्या संप्रदायाने नियम केला की निवृत्त होणाऱ्या पास्टरच्या जागी त्याच्या मुलाला नेमायचं नाही. कहर म्हणजे ज्या अधिवेशनात हा नियम झाला, ते भरलं होतं म्योंगसोंग चर्चमध्येच.

२०१५ च्या शेवटी किम निवृत्त झाले. मुलगा किम हा-ना तेव्हा दुसरं चर्च चालवत होता. दोन वर्षं गेली. नोव्हेंबर २०१७ मध्ये तोच म्योंगसोंगचा पास्टर झाला.

नियमाचं काय? समर्थकांनी शब्दावर बोट ठेवलं. नियम 'निवृत्त होत असलेल्या' पास्टरबद्दल आहे, वडील तर आधीच 'निवृत्त झालेले' आहेत! एका क्रियापदाच्या रूपावर लाखभर लोकांच्या चर्चचा प्रश्न अडकला. ऑगस्ट २०१९ मध्ये संप्रदायाच्या न्यायालयाने नेमणूक रद्द ठरवली. पुढच्याच महिन्यात अधिवेशनाने मोठ्या बहुमताने तडजोड केली की मुलगा १ जानेवारी २०२१ पासून पद घेऊ शकतो. विरोध करणाऱ्यांना काय वाटलं असेल, याची कल्पना करता येते.

मग ही गोष्ट नीट होते तरी कशी?

कधी फार साधेपणाने होते. मुंबईचंच उदाहरण घ्या. कॅथलिक नियमानुसार बिशपने ७५ व्या वर्षी राजीनामा पोपकडे द्यायचा असतो. तो कधी स्वीकारायचा हे पोप ठरवतात. मुंबईचे आर्चबिशप कार्डिनल ओस्वाल्ड ग्रेशियस ८० वर्षांचे होण्याच्या थोडं आधी, ३० नोव्हेंबर २०२४ रोजी, पुण्याचे बिशप जॉन रॉड्रिग्ज यांना मुंबईचे 'कोअॅडज्युटर' आर्चबिशप नेमलं गेलं. शब्द अवघड आहे, अर्थ सोपा आहे. असा बिशप सोबत काम करतो आणि खुर्ची रिकामी झाली की आपोआप त्या जागी येतो. नवी निवड नाही, नवी चर्चा नाही. २५ जानेवारी २०२५ रोजी ग्रेशियस यांचा राजीनामा स्वीकारला गेला आणि त्याच दिवशी रॉड्रिग्ज मुंबईचे आर्चबिशप झाले. मुंबईच्या बहुतेक वाचकांनी ही बातमी स्क्रोल करून सोडून दिली असेल.

अमेरिकेतल्या प्रेस्बिटेरियन चर्चने दुसरा मार्ग काढलाय. जुना पास्टर गेला की लगेच नवा आणायचा नाही. मधल्या काळासाठी एक 'इंटरिम' पास्टर आणायचा. हा काळ एखाद-दोन वर्षांचा असू शकतो. साधारण संकेत असा की हा मधला माणूस पुढचा कायमचा पास्टर होणार नाही. त्याला कुणाचं मन सांभाळायचं नसतं, म्हणून तो हिशोब उघडू शकतो, जुनी भांडणं बाहेर काढू शकतो. तोवर सभासदांची समिती शांतपणे नवा पास्टर शोधते.

याच चर्चमध्ये आणखी एक पथ्य आहे, आणि ते वाचायला कठोर वाटतं. निवृत्त पास्टरने आपल्या जुन्या मंडळीत लग्नं लावायची नाहीत, अंत्यविधी करायचे नाहीत. नव्या पास्टरने बोलावलं तरच जायचं. ज्या मुलीचा बाप्तिस्मा तुम्ही केला, तिच्या लग्नाला पाहुण्यांच्या रांगेत बसायचं. चाळीस वर्षांच्या मित्राच्या दफनविधीला दुसऱ्याची प्रार्थना ऐकायची. पण याचं कारण आहे. प्रत्येक लग्नाला आणि मयतीला लोक जुन्याच पाळकाला बोलवत राहिले, तर नवा माणूस दहा वर्षं झाली तरी नवाच राहतो. गार्डन ग्रोव्हमध्ये नेमकं हेच पाळलं गेलं नव्हतं. जुना मालक घर सोडून गेलाच नाही.

नुसती योजना असून भागतं का? तर तेही नाही. शिकागोजवळचं विलो क्रीक चर्च १९७५ मध्ये सुरू झालं, तेही सिनेमा थिएटरमध्येच. संस्थापक बिल हायबल्स यांनी अनेक वर्षं तयारी करून ऑक्टोबर २०१७ मध्ये दोन उत्तराधिकारी जाहीर केले, हेदर लार्सन आणि स्टीव्ह कार्टर. वर्षभराचा वेळ दिला. सगळं आदर्श. मार्च २०१८ मध्ये 'शिकागो ट्रिब्यून'ने हायबल्स यांच्यावर महिलांनी केलेले गैरवर्तनाचे आरोप छापले. त्यांनी ते नाकारले, पण एप्रिलमध्ये मुदतीआधीच पद सोडलं. वरिष्ठ मंडळाने आधी चौकशी करून त्यांना निर्दोष म्हटलं होतं. ऑगस्टमध्ये दोन्ही उत्तराधिकारी आणि अख्खं मंडळ पायउतार झालं. खुर्चीत कोण बसणार याचा आराखडा होता. खुर्चीत बसलेल्याला जाब कोण विचारणार, याचा नव्हता.

महाराष्ट्रात कागदावर काय असतं?

आपल्याकडच्या ज्या स्वतंत्र चर्चची ट्रस्ट म्हणून नोंदणी झालेली आहे, त्यांना महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायदा, १९५० लागू होतो. देवस्थान, शाळा यांच्या ट्रस्टला लागू असतो तोच. या नोंदणीच्या परिशिष्ट १ मध्ये एक रकाना असतो. विश्वस्तपदाचा उत्तराधिकार कसा ठरणार? नोंदणी करताना तो भरावाच लागतो. पण त्या वेळी सगळे तरुण असतात, उत्साहात असतात, आणि वकील जे सांगेल ते लिहून मोकळे होतात.

विश्वस्त बदलला की ९० दिवसांत धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात 'चेंज रिपोर्ट' द्यावा लागतो. तो दिला नाही तर कागदावर जुनीच माणसं विश्वस्त राहतात, अगदी वारलेलीसुद्धा. मग बँकेतली सही कुणाची, जागेचा करार कुणाच्या नावाने, आणि वाद झाला तर चर्चच्या वतीने उभं कोण राहणार, असे प्रश्न एकदम अंगावर येतात.

इथे एक बारकावा आहे. पाळक आणि विश्वस्त ही दोन वेगळी पदं आहेत. पाळक उपदेश करतो, विश्वस्त मालमत्ता सांभाळतो. लहान चर्चमध्ये पाळक, त्याची बायको आणि मेव्हणा हेच विश्वस्त असतात, तेव्हा मंडळी नवा पाळक निवडू शकते, पण चावी जुन्याच घरात राहते. म्हणून एखाद्या चर्चची पुढची वाट कशी असेल हे बघायचं, तर रविवारचा उपदेश नव्हे, हा परिशिष्ट १ चा उतारा काढून बघावा. तो कुणालाही मागता येतो.

तिकडे गार्डन ग्रोव्हमध्ये काय झालं? कॅथलिक धर्मप्रांताने काचेच्या इमारतीची दुरुस्ती करून जुलै २०१९ मध्ये ती 'ख्राइस्ट कॅथेड्रल' म्हणून खुली केली. त्याआधीच, २०१३ मध्ये, एक अदलाबदल झाली होती. जवळच्या सेंट कॅलिस्टस या कॅथलिक चर्चची माणसं काचेच्या कॅथेड्रलच्या आवारात आली आणि शुलर यांची उरलेली मंडळी सेंट कॅलिस्टसच्या जुन्या इमारतीत गेली.

त्या छोट्या झालेल्या मंडळीला आणि 'अवर ऑफ पॉवर'ला सांभाळायला पुढे आला तो बॉबी शुलर. ज्या मुलाला वडिलांनी टीव्हीवरून काढलं होतं, त्याचा हा मुलगा. रॉबर्ट एच. शुलर २ एप्रिल २०१५ रोजी वारले, ८८ व्या वर्षी. त्यांना दफन केलं ते त्याच काचेच्या इमारतीच्या आवारात, आर्वेलाच्या शेजारी. जागा तोपर्यंत कॅथलिकांची झाली होती.